मिळाले व बसविले

कुमुदिनीबाईंनी बांगड्या कोपराकडे सारल्या आणि रॉकेलमध्ये हात घातला. तळाशी बसलेले नट, वायसर, दोन बारीक स्प्रिंगा त्यांनी एकेक करून वर काढल्या, जुन्या वर्तमानपत्रावर मांडल्या आणि पातेले कलते केले. काळेभोर रॉकेल चौथऱ्याच्या कडेवरून ओघळून मातीत मुरले. पातेले त्यांच्या लग्नातले होते. राखेने त्यांनी ते दोनदा घासले, उन्हात धरले, नाकाशी नेले. आणि मग जिथून उचलले होते तिथेच, फकिरा मिस्त्रीच्या गुडघ्याशी, परत ठेवले.

"घ्या. याच्यात आता वरण होत नसते."

फकिरा ओशाळला. "बाई, मले काय मालूम? साहेबानंच आतून आणून देल्लं."

"साहेबाला पातेलं कोणतं अन् घमेलं कोणतं, ते तरी कुठं मालूम आहे!"

फकिरा हसला आणि पुन्हा जीपखाली सरकला. त्याचे दोन पाय तेवढे बाहेर उरले. दर रविवारी इचोड्याहून पहिल्या गाडीने तो येई, दिवसभर असा जमिनीशी पाठ लावून राही आणि दिवेलागणीला मजुरी घेऊन जाई. साहेब, म्हणजे कुमुदिनीबाईंचे यजमान शामराव, त्याच्या शेजारी स्टुलावर बसून असत. हातात पाना नसे, तोंडी प्रश्न नसे. एखादा भाग बसला की खिशातून घडी केलेला कागद काढून ते त्यावर लाल पेन्सिलीने खूण करीत आणि घडी पुन्हा खिशात ठेवीत.

जीप उभी होती ती बैठकीत. बैठक नकाशात होती; जमिनीवर तिचा नुसता चौथरा होता. शामरावांची चौतीस वर्षांची नोकरी सरकारी दवाखान्यांच्या दफ्तरांत गेली होती, आणि तेवढ्या वर्षांत कुमुदिनीबाईंनी सात गावांतल्या सात भाड्याच्या घरांच्या चुली लिंपल्या होत्या. प्रत्येक घर सोडताना त्या भिंतीतले आपले खिळे उपटून बरोबर घेत. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा आदिलाबादेत, गावाबाहेरच्या नव्या वस्तीत, त्यांनी एक प्लॉट घेतला. मागे स्वयंपाकघर आणि एक खोली बांधून वर टिनपत्रे टाकली. पुढे बैठकीचा चौथरा भरून घेतला. लक्ष्मण गवंडी म्हणाला होता, एक पावसाळा चौथरा बसू द्या, दिवाळीनंतर भिंती उठवू, उन्हाळ्यात स्लॅब घालू. संध्याकाळी कुमुदिनीबाई त्या उघड्या चौथऱ्यावर जाऊन उभ्या राहत. न बांधलेल्या खिडकीच्या जागी उभे राहून त्यांनी किती तरी वेळा बाहेर पाहिले होते.

आषाढात शामराव एका सरकारी लिलावाला गेले आणि जीप घेऊन आले. ट्रॅक्टरने ओढत आणलेला तो सांगाडा होता. कुठल्याशा दवाखान्यामागे वर्षानुवर्षे पडून राहिलेला. मागच्या बाकाखालून लिंबाचे रोप उगवून हातभर वाढले होते. आंध्रात सरकारने तालुके मोडून लहान मंडले केली होती, तालुक्याच्या काळातले भंगार एकदाचे निघत होते. फळ्या टाकून पाच माणसांनी ती चौथऱ्यावर चढवली.

"पावसाळ्यापुरती," शामराव म्हणाले होते. "भिंती तर दिवाळीनंतरच उठवायच्या आहेत."

"अन् करायचं काय हिचं?"

"दुरुस्त करायची."

"तुमाला तर चालवतासुद्धा येत नाही."

 शामरावांनी लिंबाचे रोप मुळासकट काढून कुंपणाच्या जागी लावले.

दिवाळी झाली. कुंपणाच्या जागी लिंबाचे ते एकटे रोपच राहिले, कारण काटेरी तारेचे पैसे रेडिएटरला गेले. पुढे ओट्याच्या शहाबादी फरशा क्लचप्लेटीत गेल्या आणि खिडक्यांचे साग चाकांवरच्या स्प्रिंगपाट्यांत गेले. जीप घर खात होती, आणि कुठल्या दिवशी कुठला घास गेला हे कुमुदिनीबाईंना तोंडपाठ होते. बँकेच्या पासबुकात आकडा खाली येत असे आणि चौथऱ्यावर काही तरी नवे, काळे, तेलकट चमकत असे. शेजारच्या पद्मिनीबाई येता-जाता विचारीत,

"काऊन वो, बैठकीत पाहुणा बसवला म्हणे! किती दिवस झाले, उठतच नाही?"

"उठेल की," कुमुदिनीबाई म्हणत. "जेवण व्हायचं आहे त्याचं."

हसून होई. पण आत येऊन त्या तांदूळ निवडायला बसल्या की खडा कुठला आणि दाणा कुठला हे बोटांना काही वेळ कळत नसे.

फकिरालाही हे काम उमजत नव्हते. पैसे मिळत होते म्हणून तो बोलत नसे. पण तो आपल्या कामाचा माणूस होता आणि वाया जाणाऱ्या सामानाचे त्याला दुःख होई. एका रविवारी शामराव पाणी प्यायला आत आले असताना तो मागोमाग दाराशी आला.

"साहेब, फॅनबेल्ट दोन आणले तुमी. एकच लागते."

"दोनच आणायचे होते."

"अन् दिव्याच्या काचा तीन?"

"तीन."

"जीपला दोन दिवे असते साहेब. तिसरी काच कोठी लावू? माह्या डोक्शाले?"

शामराव हसले नाहीत. तांब्या खाली ठेवून त्यांनी ओठ पुसले आणि म्हणाले, "तिसरी गाडीतच राहू द्या. कापडात गुंडाळून."

"रेडिएटरबी चांगलं होतं. झाळ मारली असती तर धा वर्षं..."

"नवं बसवा, मिस्त्री. यादीत आहे ते बसवा."

फकिराने कुमुदिनीबाईंकडे पाहिले. त्यांनी चुलीकडे पाहिले.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी शामराव सामान आणायला नागपूरला गेले होते. कुमुदिनीबाई चौथऱ्याच्या पायरीवर हरभऱ्याची भाजी खुडत होत्या. एक उंच, वाकलेला म्हातारा रस्त्यावर थांबला. अंगात खाकी कोट होता, तोही उन्हाने पांढुरका पडलेला. वहाणा काढून तो पायरीशी उभा राहिला.

"वयनी, वळखलं का?"

आवाज आधी ओळखीचा वाटला, मग डोळे.

"नागोराव?"

"हो. हाये अजून."

सतरा वर्षे झाली होती. त्या तालुक्याच्या गावी शामराव हिशेबाचे कारकून होते आणि नागोराव दवाखान्याच्या जीपवर ड्रायव्हर. फेरीहून येताना कधी सीताफळे, कधी चारोळीचा पुडा तो त्यांच्या दारात ठेवून जाई. मग एका पावसाळ्यात त्याची नोकरी गेली. कुमुदिनीबाईंनी विचारले तेव्हा शामराव ताटावरून न उठता म्हणाले होते, "हयगय झाली त्याच्या हातून." गावात कोणी म्हणे, पिऊन होता. पुढे यांची बदली झाली.

"इचोड्याले कापसाच्या जीनमधी चौकीदार हाये मी," नागोराव म्हणाला. "फकिरा तिथं चहाले येते. बोलता बोलता म्हनला, आदिलाबादेत एक शामराव साहेब हायेत, दवाखान्याची जुनी जीप घरात उभी करून नवी करून राह्यले. म्हनलं, पाहून यावं."

तो चौथऱ्यावर चढला. जीपभोवती सावकाश फिरला. मग बोनटवर एका जागी त्याने तळहात ठेवला.

"हेच ते," तो म्हणाला. "हा पोचा माह्या हातचा. वादळात सागाची फांदी पडली होती." त्याने पोच्यावरून अंगठा फिरवला. "बाकी समदं नवं हाय. हे नवं होतं तवाबी इतकं नवं नसन."

कुमुदिनीबाईंनी चहा केला. तो पायरीवरच बसला. आत या म्हटले तरी आला नाही. बशीतला चहा अर्धा संपल्यावर त्यांनी विचारले,

"नागोराव, तुमच्या नोकरीचं तेव्हा नेमकं काय झालं होतं?"

"साहेब नाई बोलले?"

"हयगय झाली, एवढंच म्हणाले."

"हां. कागदावर तोच शब्द होता." त्याने बशी खाली ठेवली.  "आता सांगून तरी काय, वयनी. पन तुमी इचारलं म्हणून सांगतो. मार्चचा महिना होता. बजेट परत जाईन म्हणून साहेबानं गाडीच्या सामानाची बिलं करून टाकली. समद्या दफ्तरात होत होतं तसं. साहेबानं त्यातला एक पैसा खाल्ला नाई, हे मी कोठीबी सांगीन. पैसे दुकानदाराजवळ ठेवले. माल येईन तसा देतो म्हनला तो. साहेबानं मले बलावलं. म्हनले, नागोराव, इथं सही कर. 'मिळाले व बसविले.' मी केली. साहेब म्हनते अन् मी नाई म्हनू?"

"मग?"

"मंग दुकानदार उन्हाळ्यातच दुकान मोडून गेला. इकडं गाडी चालू करायचा सेल्फ मेला, बॅटरी मेली. मी दरख्वास्त देल्ली. ते साहेबाच्याच टेबलावर आली. साहेब तरी काय लिवतील? रजिस्टरात तर दोन्ही नवे. दरख्वास्त परत आली. मी धक्के मारून चालवत राह्यलो."

तो थांबला. रस्त्यावरून कापसाने भरलेली एक बैलगाडी गेली. 

"पोळ्याच्या आधीची गोष्ट. भर दुपार होती. पैनगंगेकडच्या एका खेड्यातून अडलेली बाई आणत होतो. बयना नाव होतं तिचं. नाल्यात गाडी बंद पडली. सेल्फ नाई, बॅटरी नाई. हँडल मारलं. मी मारलं, तिच्या घरवाल्यानं मारलं. माह्या तळहाताचं कातडं निघालं. दवाखाना तिथून तीन मैल होता, वयनी. ते लय वेळ बोलत होती. मंग नाई बोलली."

कुमुदिनीबाईंच्या हातातली काडी हातातच राहिली.

"चौकशीले वरचे लोक आले. त्यायनं रजिस्टर उघडलं. मले वाचून दाखवलं. सेल्फ एक, नवा. बॅटरी एक, नवी. रेडिएटर एक. फॅनबेल्ट दोन. दिव्याच्या काचा तीन. खाली माही सही. समदं नवं असून गाडी काऊन बंद पडन? मंग ड्रायव्हरचीच हयगय."

"तीन काचा," कुमुदिनीबाई हळूच म्हणाल्या.

"तीन. एक फुटंन म्हणून जास्तीची लिवली असन."

"अन् हे? तिथं हे काही बोलले नाहीत?"

"मीबी नाई बोललो." नागोरावाने वहाणा पायात सरकवल्या. "बोललो असतो तर दोघंबी गेलो असतो. तुमची पोरगी, विनोदिनी, तवा दुसरीत होती. मले वाटलं, साहेब मागून काहीतरी करतील." तो उठला. उठताना त्याने गुडघ्यावर हात टेकला, आणि पुढचे वाक्य जणू गुडघ्यालाच सांगितले. "साहेबाची बदली झाली."

तो गेला. मग कुमुदिनीबाईंनी उठून फकिराची चौथऱ्यावरच राहणारी हत्यारांची पेटी उघडली. पान्यांच्या खाली, तेलाने पारदर्शक झालेली, शामरावांनी त्याला दिलेली यादीची कार्बनप्रत होती. फकिराला अक्षरे येत नसत, आकडे येत. त्याला तेवढे पुरे होते. अक्षर शामरावांचे होते, दफ्तरातले, मात्रा सरळ आणि समास सोडलेला. अनुक्रमांक, वस्तू, नग. वर डाव्या कोपऱ्यात व्हाउचरचे क्रमांक आणि २८ मार्च १९७०. त्यांनी ओळीने बोट फिरवले. घराचे कुंपण सहाव्या ओळीत होते, ओटा नवव्या ओळीत. बहुतेक ओळींवर फकिराच्या तेलकट बोटाच्या खुणा झाल्या होत्या. चार उरल्या होत्या: टायर पाच, इंजिनचे बोअर व पिस्टन, सेल्फ एक, बॅटरी एक.

कागद जसा होता तसा घडीवर घडी घालून त्यांनी पान्यांखाली ठेवला. भाजी मात्र त्या दिवशी खुडायची राहिली.

शामराव दुसऱ्या दिवशी परतले. जेवायला बसले तेव्हा कुमुदिनीबाईंनी ताकाचा पेला पुढे सरकवला.

"नागोराव येऊन गेले."

भाकरीचा तुकडा वरणात बुडाला होता, तो तसाच राहिला. शामरावांनी मान वर केली नाही.

"काय म्हणाले?"

"चहा प्याले. गाडीला हात लावला. बोनटावरचा पोचा ओळखला त्यांनी."

शामरावांनी भाकरी खाल्ली. ताक प्यायले. ताटात बोट फिरवीत ते पुष्कळ वेळ बसून राहिले.  कुमुदिनीबाई थांबल्या. पण चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या बाजूने मसुदे लिहिणाऱ्या त्या माणसाला आपल्या बाजूचे एक वाक्य सापडेना, आणि तो हात धुवायला उठला.

चार दिवसांनी त्यांनी बँकेचा कागद आणला. निवृत्तीच्या पैशांतले अकरा हजार त्यांनी पहिल्याच महिन्यात कुमुदिनीबाईंच्या नावावर ठेवले होते. स्लॅबचे पैसे. त्यांना तेव्हा तेलुगूत समजावून सांगणाऱ्या बँकेतल्या मुलीला बाई मराठीतच म्हणाल्या होत्या, "हे डोक्यावरच्या छपराचे, याला हात लावायचा नाही हो." मुलगी काही न कळून गोड हसली होती.

शामराव कागद पुढे धरून उभे राहिले. "मुदत व्हायची आहे. तरी मोडता येते. तुझी सही लागेल."

कुमुदिनीबाईंनी वर पाहिले. टिनपत्र्याच्या एका खिळ्याच्या भोकातून उन्हाचा ठिपका आत पडला होता. पावसाळ्यात तिथे त्या वाटी ठेवीत. हे घर सोडायचे नव्हते, इथे खिळे उपटायचे नव्हते. एवढ्यासाठी आयुष्यभर थांबल्या होत्या त्या. कागद हातात घेऊन त्या चौथऱ्यापर्यंत गेल्या, जिथे खिडकी व्हायची होती तिथे जीपच्या मडगार्डाला टेकल्या आणि सही करून परत आल्या.

"विचारत नाहीस, कशाला ते?"

"नाही."

"लक्ष्मणला काय सांगशील?"

"सांगीन, यंदा नको." पेन त्यांच्या हातात देऊन त्या वळल्या. "मिस्त्रीला म्हणा, आता लवकर आटपा."

टायर आले, इंजिन नागपूरला जाऊन आले. माघातल्या एका रविवारी फकिराने शेवटची वायर जोडली, हात पुसले आणि पायाखालचे बटण दाबले. पहिल्याच दाबाला इंजिन लागले. पद्मिनीबाईंसकट अख्खी गल्ली जमली. फकिराने पोरांना पेढे वाटायला लावले. चौथरा सूक्ष्म थरथरत होता आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांना ते कळत होते. शामराव स्टुलावरच बसून होते. खूण करायची पेन्सिल त्यांच्या बोटांत होती, पण बोटे हलत नव्हती.

"पुढच्या रविवारी," ते फकिराला म्हणाले, "नागोरावांना घेऊन या. या म्हणावं. मी बोलावलं म्हणून सांगा."

नागोराव आला. तोच कोट, पण धुतलेला. शामरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सतरा वर्षांनी दोघे समोरासमोर उभे राहिले, आणि आधी नमस्कार कोणी करायचा हे दोघांनाही ठरवता आले नाही. म्हणून दोघांनी एकदमच केला.

"बसा," शामराव म्हणाले. "आत. तिथंच."

नागोराव स्टिअरिंगमागे बसला. पाय आपोआप जागेवर गेला. बटण दाबताच इंजिन लागले. त्याने डोळे मिटून ते ऐकले, एखाद्या माणसाचे बोलणे ऐकावे तसे. मग चावी फिरवून बंद केले. 

"चांगली झाली साहेब," तो म्हणाला.

"सगळं बसवलं. एकूण एक. जे होतं ते सगळं."  खिशातून शामरावांनी एक नवा कागद काढला. रात्रंदिवस घोकलेली तीच यादी होती, या वेळी शाईत, खाली रेघ मारलेली. त्यांनी तो बोनटवर पसरला, पेनाचे टोपण काढले. "एकदा पाहून घ्या. आणि इथं सही..."

नागोराव खाली उतरला. कोटाच्या खिशातून एका काडीचा चष्मा काढून त्याने नाकावर ठेवला. चौकीदारीत त्याला वाचायचा सराव झाला असावा. तो अक्षरन् अक्षर वाचत खाली आला. सेल्फ एक. बॅटरी एक. काचा तीन. मिळाले व बसविले. मग त्याचे बोट एका जागी थांबले.

"साहेब, तारीख जुनीच हाय."

शामरावांनी पाहिले. रेघेखाली, सुंदर वळणदार अक्षरात, २८ मार्च १९७० होते.

"बिल त्या तारखेचं आहे," ते म्हणाले. "पावती बिलाच्याच तारखेची..."

वाक्य तिथेच थांबले. आपलेच शब्द कुणी दुसरे बोलत असावे तसे ते ऐकत उभे राहिले.

"तवाबी तारीख तुमीच टाकून ठेवली होती," नागोराव म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी सही तेवढी केली." त्याने चष्मा काढला, पेन हळूच बोनटवर ठेवले, ते घरंगळू नये म्हणून पोच्यात ठेवले. "मंग आता पुन्हा नको, साहेब."

फकिरा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता. कुमुदिनीबाई दारातून पुढे आल्या. चौथऱ्यावर चढल्या. त्यांनी पेन उचलले, जुन्या तारखेवर एक आडवी रेघ ओढली आणि शेजारी, आपल्या गोल, शाळकरी अक्षरात, आजची तारीख लिहिली. खाली 'नागोराव, ड्रायव्हर' असे लिहिलेले होते. त्यावरही त्यांनी रेघ ओढली. मग कागद फिरवून त्यांनी नवऱ्याच्या पुढे सरकवला आणि पेन दिले.

"यांची नको," त्या म्हणाल्या. "तुमची करा. अन् नागोरावांच्या हातात द्या."

शामरावांनी पेन घेतले. चौतीस वर्षे शेकडो माणसांच्या बोटांना धरून त्यांनी सहीची जागा दाखवली होती. शिपायांना, नर्सांना, अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्यांना. पेनाचे टोक कागदावर आले, थोडे डावीकडे सरकले, थोडे उजवीकडे, आणि हवेतच राहिले. त्यांनी बायकोकडे पाहिले.

"कुठं करू?" त्यांनी विचारले.